सोलापूरची गच्ची आणि मेडिटरेनियन स्वयंपाक: आधी कॅलेंडर उलटं करा

प्रश्न जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा आहे. मोठी गच्ची, वीस-पंचवीस कुंड्या. मार्चमध्ये त्यांनी टोमॅटो, बेसिल, रोझमेरी, झुकिनी आणि लाल-पिवळी ढोबळी मिरची हौसेनं लावली. मे संपेपर्यंत निम्मी रोपं करपली, टोमॅटोला फुलं आली ती गळून गेली. बाजारातून सामान आणून मेडिटरेनियन, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या देशांतले, पदार्थ करावेत, तर एका पिशवीत हजार रुपये जातात. शिवाय घरातल्या मोठ्यांना भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. तर लावू काय, शिजवू काय आणि घरात चालेल काय, असं त्या विचारतात.

ताई, तुमच्या हाताला काही दोष नाही, महिना चुकला. बियांच्या पाकिटावर आणि परदेशी व्हिडिओंत ‘उन्हाळ्यात लावा’ असं सांगतात, तो उन्हाळा तिकडचा. ग्रीसच्या क्रीट बेटावर जुलैतलं दुपारचं तापमान तिशीच्या आसपास असतं. आपल्याकडे तेवढं तापमान डिसेंबर-जानेवारीत असतं. मे महिन्यात आपण ४२-४३ अंशांत भाजतो, आणि तशा उन्हाची तिकडच्या टोमॅटोलाही सवय नाही. दिवसा पस्तिशीच्या वर पारा गेला आणि रात्रीही उतरला नाही, तर टोमॅटोचे परागकण निकामी होतात, फळ धरत नाही, फूल गळतं. तुमच्या गच्चीवर तेच झालं.

म्हणून या स्वयंपाकाचा सोलापुरातला पहिला नियम असा: त्यांचे उन्हाळी पदार्थ आपण हिवाळ्यात करायचे. गणपतीच्या सुमारास ट्रेमध्ये टोमॅटो, वांगी, ढोबळी मिरचीचं बी टाका. सप्टेंबरचा पाऊस आपल्याकडे सगळ्यात जोराचा, त्यात लहान रोपं उघड्यावर ठेवू नका. पत्र्याखाली, उजेडात ठेवा. नवरात्र-दसऱ्याला रोपं मोठ्या कुंडीत हलवा. डिसेंबरपासून तोडा सुरू होतो आणि संक्रांतीच्या आसपास गच्ची भरते. भोगीच्या भाजीसाठी बाजारात जे जे एकदम येतं, ते तुमच्या कुंड्यांतही एकदमच येतं: वांगी, टोमॅटो, कांद्याची पात, पालक, शेपू, ढोबळी मिरची. रातातुई (फ्रान्सची मिश्र भाजी), कापोनाता (सिसिलीची आंबट-गोड वांग्याची भाजी), ग्रीक सॅलड, सगळं याच आठ-दहा आठवड्यांत करून घ्यायचं.

कुंडीत नुसती काळी माती भरू नका. ती पावसात चिकट गोळा होते आणि उन्हात भेगाळते. निम्मी माती, बाकी चांगलं कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट हे भाज्यांसाठी ठीक. रोझमेरीला यात खत कमी आणि जाड वाळू जास्त लागते. टोमॅटो आणि वांग्याला कुंडी किमान वीस लिटरची हवी. वर उसाचं पाचट किंवा कडब्याची कुट्टी दोन-तीन इंच पसरा. आपल्या जिल्ह्यात या दोन गोष्टींना तोटा नाही.

पाण्याचं मात्र नीट ऐका. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे आपण काय करतो, तर पाणी आलं की कुंड्या तुडुंब भरतो आणि मग तीन दिवस बघत नाही. टोमॅटोच्या बुडाला जो काळा, चामड्यासारखा डाग पडतो तो बहुतेक वेळा याच सवयीतून येतो. तो रोग नाही. कॅल्शियम पाण्याबरोबर फळापर्यंत जातं. पाणी कधी भरपूर आणि कधी अजिबात नाही असं झालं की फळाच्या टोकाला ते पोचत नाही. लोक लगेच अंड्याची टरफलं आणि चुना टाकतात. माती बरी असेल तर त्यानं फारसा फरक पडत नाही. त्यापेक्षा कुंभाराकडून बिनरंगाची छोटी मडकी आणा, मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरा, पाण्यानं भरून वर झाकण ठेवा. मडकं झिरपत राहतं, मुळं पाणी घेत राहतात. काकडी कडू होण्यामागेही बऱ्याचदा ऊन आणि पाण्याचा ताण असतो, तीही यानं सुधारते. बोअरचं पाणी वापरत असाल आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसत असेल, तर पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवून ते क्षार धुऊन जाऊ द्या.

आता स्वयंपाक. हा एका देशाचा स्वयंपाक नाही. युनेस्कोनं २०१० मध्ये मेडिटरेनियन आहाराला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा स्पेन, इटली, ग्रीस आणि मोरोक्को असे चार देश होते, २०१३ मध्ये पोर्तुगाल, क्रोएशिया आणि सायप्रस आले. लेबनॉन, सीरिया, तुर्कस्तान, इजिप्त यांची ताटं आणखी वेगळी. या सगळ्यांत समान काय, तर कमी पावसाच्या मुलखातलं धान्य, कडधान्य, भाजी, दही-चीज आणि सढळ तेल. वाचताना वाटतं ना आपल्याच तालुक्याबद्दल चाललंय? म्हणून यादी घेऊन मॉलमध्ये जायच्या आधी घरात काय आहे ते बघा.

पहिली गोष्ट, कडक भाकरी. क्रीटमध्ये ‘डाकोस’ नावाचा पदार्थ करतात. बार्लीचा दोनदा भाजलेला, दगडासारखा कडक पाव पाण्यानं थोडा ओलावायचा, वर किसलेला टोमॅटो, मऊ आंबटसर चीज, ओरेगॅनो आणि ऑलिव्ह तेल. मेंढपाळांना आणि शेतकऱ्यांना आठवडेच्या आठवडे टिकेल असा तो पाव. आपली ज्वारीची कडक भाकरी त्याच गरजेतून आलेली आहे. घरातल्या मोठ्यांसाठी सुरुवात इथून करा, कारण ताटात भाकरीच असणार आहे.

चार जणांसाठी दोन मोठ्या कडक भाकऱ्या तळहाताएवढ्या तुकड्यांत मोडा. चार पिकलेले टोमॅटो आडवे चिरून किसणीवर घासा. साल हातात उरतं, ते टाका. किसात पाऊण चमचा मीठ घालून पाच मिनिटं चाळणीत ठेवा. खाली जो रस जमतो तो आधी भाकरीवर शिंपडायचा. बार्लीचा पाव जाड असतो म्हणून तिकडे पाण्यात बुचकळतात. आपली भाकरी पातळ, तिला बुचकळलं तर लगदा होतो. रसानं कडा कुरकुरीत आणि मध्यभाग जरा नरम राहतो. मग टोमॅटोचा कीस, त्यावर चीज, चिमूटभर ओरेगॅनो, एक-दोन चिरलेले ऑलिव्ह आणि वरून तेलाची धार. पाच मिनिटं थांबून खा. दहा मिनिटं थांबलात तर मजा गेली. बाजरीची तीळ लावलेली कडक भाकरी घेतली तर चव आणखी खमंग लागते. मला स्वतःला तीच आवडते.

चीजचा प्रश्न इथेच सोडवू. फेटा हे नाव युरोपात २००२ पासून ग्रीसपुरतं राखलेलं आहे. ते मेंढीच्या दुधाचं, त्यात फार तर तीस टक्के शेळीचं दूध. ते आणायचं तर आणा, पण महाग. पनीर मिठाच्या पाण्यात ठेवून फेटा होतो असं सांगतात. त्यानं पनीर खारट होतं, आंबट होत नाही. मी ताज्या पनीरचा चुरा आणि चक्का निम्मा-निम्मा मिसळते, मीठ घालते आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते. डाकोस आणि सॅलडवर हे छान बसतं. नुसत्या चक्क्याला लेबनॉनमध्ये स्वयंपाकघरात कायमची जागा आहे, तिकडे त्याला लबने म्हणतात. एक किलो दह्यात चमचाभर मीठ घाला, रात्रभर फडक्यात टांगा, ताटलीत पसरा, वर तेल आणि पुदिना. श्रीखंडासाठी चक्का बांधता येणाऱ्या घरात यापेक्षा जास्त शिकवायला नको. काकडी किसून, पिळून, लसूण आणि शेपू घालून तोच चक्का कालवला की झात्झिकी. काकडी मात्र घट्ट पिळा, नाहीतर कोशिंबीर होईल.

शेपूवरून आठवलं. आपल्याकडे शेपूचं नाव काढलं की निम्मं घर नाक मुरडतं. ग्रीक लोक तो मुक्तहस्तानं वापरतात. त्यांचा पालक-भात करून बघा: भरपूर कांद्याची पात तेलात परतायची, तांदूळ घालायचा, तांदळाच्या तिपटीएवढा चिरलेला पालक, मूठभर शेपू, पाणी, मीठ. मऊसर शिजला की एका मोठ्या लिंबाचा रस. हळद नाही, मोहरी नाही, मसाला नाही. शेपूचा उग्रपणा लिंबानं बसतो. सोबत दही दिलं की लहान मुलंही खातात.

आणि घोळ! कुंडीत न लावता उगवते, आपण तण म्हणून उपटतो. सीरिया-लेबनॉनच्या फत्तूश सॅलडमध्ये हीच घोळ लागते, ग्रीसमध्येही ती टोमॅटो-काकडीबरोबर कच्ची खातात. जाड, रसरशीत, किंचित आंबट पानं. लेट्यूसपेक्षा कितीतरी चवदार, आणि आपल्या उन्हात तग धरणारी. फत्तूशमध्ये शिळ्या रोटीचे तळलेले तुकडे घालतात. तुम्ही कडक भाकरीचा चुरा घाला. एक काळजी घ्या: घोळीसारखी जमिनीलगत पसरणारी दुधी नावाची एक वनस्पती असते, तिचा देठ मोडला की पांढरा चीक निघतो. घोळीला चीक नसतो. चीक दिसला तर टाकून द्या.

वांग्याबद्दल फार सांगत नाही. भरीत भाजता येतं तर बाबा गनूश येतंच. आच थेट हवी, साल पूर्ण जळायला हवं, गर अर्धा तास चाळणीत निथळायला हवा, आणि फोडणी घालायचा मोह आवरायला हवा. त्यात तिळाची ताहिनी, लिंबू, लसूण, मीठ. ताहिनीसाठी पॉलिश केलेले पांढरे तीळ घ्या, सालासकटच्या तिळानं कडवटपणा येतो. मंद आचेवर भाजून रंग बदलायच्या आत उतरवा, गार करा आणि करडईच्या तेलाबरोबर थांबत थांबत वाटा. करडईचं तेल निवांत असतं, स्वतःची चव पुढे करत नाही. तीच ताहिनी हमससाठी, म्हणजे काबुली चण्यांच्या चटणीसाठी. काबुली चणे रात्रभर भिजवा, चिमूटभर सोडा घालून बोटांनी सहज चिरडतील इतके शिजवा. लसूण ठेचून आधी लिंबाच्या रसात दहा मिनिटं ठेवलात तर कच्ची झणझण कमी होते.

झुकिनीच्या मागे लागू नका. तिला नर आणि मादी फुलं एकाच सकाळी उमललेली लागतात, गच्चीवर मधमाश्या कमी, म्हणजे हातानं परागीकरण आलं. ते जमेपर्यंत पानांवर भुरी येते. कोवळा, बोटभर जाडीचा दुधी भोपळा रातातुईत उत्तम चालतो. फक्त प्रत्येक भाजी वेगळी परता आणि शेवटी एकत्र करा. सगळं एकदम टाकलं तर मिक्स भाजी होते, आणि ती तुम्ही आधीच छान करत असणार.

आता डाळिंब. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि आपण डाळिंब फक्त सोलून खातो. पूर्व भूमध्य भागात डाळिंबाचा रस आटवून काळसर, आंबट-गोड पाक करतात. आपल्याकडच्या चिंच-गुळाचं काम तो करतो. तो विकत आणलात तर बाटली महाग आणि पुष्कळदा त्यात साखरच जास्त. घरी करा. दोन-सव्वादोन किलो डाळिंबांचा साधारण लिटरभर रस निघतो. दाणे मिक्सरमध्ये एक-दोनदाच फिरवा. बिया भरडल्या की रस कडवट होतो. गाळून स्टीलच्या पसरट पातेल्यात मंद आचेवर ठेवा. लोखंडी कढई किंवा ॲल्युमिनियम नको, आंबट रसानं चव आणि रंग दोन्ही बिघडतात. आपला भगवा वाण गोड, तिकडे पाकासाठी आंबट डाळिंब घेतात. म्हणून साखर अजिबात न घालता चार-पाच चमचे लिंबाचा रस घाला. तासाभरात रस पाचवा हिस्सा उरतो. बशीत थेंब टाकून बघा. गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो, तेव्हा मधापेक्षा पातळ असतानाच उतरवा. फ्रिजमध्ये दोन-तीन महिने राहतो.

हा पाक हाताशी असला की मुहम्मरा करता येते. सीरियातल्या अलेप्पो शहराची ही चटणी. तीन लाल ढोबळी मिरच्या गॅसवर काळ्या होईपर्यंत भाजा, झाकून ठेवा, साल काढा. गच्चीवरची हिरवी मिरची झाडावरच तीन-चार आठवडे राहू दिली तर लाल होते. घाईनं तोडू नका. त्यात अर्धी वाटी अक्रोड, मूठभर कडक भाकरीचा चुरा, जिरं, लाल तिखट, दोन चमचे डाळिंबाचा पाक, मीठ, तेल. भरड वाटा. अक्रोड परवडत नसतील तर निम्मे शेंगदाणे चालतात, पण सगळेच शेंगदाणे घातलेत तर शेंगाची चटणी समोर येऊन बसते आणि बाकी चवी मागे सरतात.

पानांच्या बाबतीत थोडक्यात सांगते. बेसिल आपल्या उन्हात हिरव्या जाळीखाली तगतं, मंजिरी आली की खुडायची. सब्जाचं झाड त्याच जातीचं आहे, वास थोडा वेगळा. पाकिटातलं बी उगवलं नाही तर सब्जा टाका. पेस्टोसाठी, म्हणजे बेसिलच्या इटालियन चटणीसाठी, चिलगोजे लागतात म्हणून अडून बसू नका. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागातल्या पिस्तूमध्ये सुकामेवा नसतोच, फक्त पानं, लसूण, तेल, वाटल्यास चीज. मिक्सरचं भांडं आधी फ्रिजमध्ये ठेवा, पानं काळी पडत नाहीत. ओरेगॅनोऐवजी पानओवा लावा. दोन्हींच्या वासात एक मोठा घटक समान आहे, आणि पानओवा फांदी खोचली तरी जगतो. मात्र तो दणकट असतो, चार माणसांच्या पदार्थाला दोन पानं पुरे. पार्सली थंडीतच, बी उगवायला तीन आठवडे घेतं. रोझमेरी उन्हानं कमी आणि पावसाळ्यातल्या ओल्या मुळांनी जास्त मरते.

द्राक्षाची पानं भरून डोल्मा करायचा विचार असेल तर एक गोष्ट निक्षून सांगते: नान्नजकडे कुणाची द्राक्षबाग ओळखीची असली तरी तिथली पानं आणू नका. व्यापारी बागेत फवारण्या सतत असतात आणि त्या फळाचा हिशेब धरून असतात, पान खाण्याचा नाही. एक वेल गच्चीच्या कठड्यावर स्वतः चढवा. छाटणीनंतर फुटणारी कोवळी, तळहाताएवढी पानं घ्या, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा आणि भात, पुदिना, कांदा, लिंबू भरून गुंडाळा.

गव्हाचं बोलायचं तर ताबूलेसाठी, म्हणजे पार्सली आणि बल्गरच्या सॅलडसाठी, दलिया नुसता भिजवू नका. बल्गर म्हणजे गहू उकडून, वाळवून मग भरडलेला. आपला दलिया कच्चा असतो, तो भिजवून दाताखाली कचकचतो. शिजवून, मोकळा करून, गार करून घ्या. त्याहून चांगला पर्याय खपली. इटलीत फार्रो म्हणून जो गहू सॅलडमध्ये आणि सूपमध्ये घालतात त्यातला एक प्रकार म्हणजे आपली खपलीच. खिरीसाठी कांडलेली खपली मिळते ती घ्या, रात्रभर भिजवून कुकरला शिजवा, निथळा.

मार्च ते जून काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमचं नुकसान त्याच महिन्यांत झालं म्हणून सांगते. नवीन काही लावू नका. भेंडी आणि गवार राहू द्या. ग्रीसमध्ये भेंडी अख्खी ठेवून टोमॅटो, कांदा आणि भरपूर तेलात मंद शिजवतात. आधी व्हिनेगर चोळून अर्धा तास उन्हात ठेवतात, मग ती तार सोडत नाही. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये टोमॅटोचा शेवटचा मोठा तोडा येईल तो वाळवा. इटलीच्या दक्षिणेत ज्या उन्हाची वाट बघतात त्याहून कडक आणि कोरडं ऊन आपल्याकडे पापड-कुरडयांच्या दिवसांत असतं. कमी रसाचे लांबट टोमॅटो उभे अर्धे करा, बिया काढा, मीठ भुरभुरा, जाळीवर कापलेली बाजू वर करून ठेवा, वर मलमल. संध्याकाळी आत घ्या. चार-सहा दिवसांत ते मनुक्यासारखे लवचिक होतात. पूर्ण कडकडीत वाळवून कोरड्या बरणीत ठेवलेत तर बाहेर राहतात. तेलात ठेवायचे असतील तर फ्रिजमध्येच ठेवा, आणि त्या तेलात कच्चा लसूण घालून बाटली बाहेर ठेवू नका. हवेविना तेलात बोटुलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू वाढू शकतात, आणि त्याचा वास किंवा चव कळत नाही.

राहिलं ऑलिव्ह तेल. सगळा स्वयंपाक त्यात करायची गरज नाही. परतणं, तळणं घाण्याच्या शेंगतेलात किंवा करडईच्या तेलात करा आणि ऑलिव्ह तेल वरून, कच्चं घाला. त्यासाठी बाटलीवर ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ लिहिलेलंच हवं. ‘पोमेस’ म्हणजे गाळून उरलेल्या चोथ्यातून काढून शुद्ध केलेलं तेल, वरून घालायला त्यात काही चव नसते. ऑलिव्हच्या फळाला पर्याय शोधत बसू नका, एक छोटी बाटली आणा, महिनाभर पुरते. तेलाची बाटली गडद काचेची, अर्ध्या लिटरपेक्षा मोठी नको. उघडल्यावर दोन महिन्यांत संपवा, आणि आपल्या उन्हाळ्यात ती गॅसच्या ओट्यावर न ठेवता बंद कपाटात खालच्या फळीवर ठेवा.